आडवारची रात्र

निशी-कासाईला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात, रात्री साडेआठच्या सुमाराला, लांबून धपधप आवाज यायला लागला. कुणी ओल्या पत्र्यावर थापट्या मारतंय असा. पाऊस येणार म्हणून मी गॅलरीतले कपडे काढायला धावले. आकाश कोरडं होतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या सांगलीच्या ताई त्यांच्या गॅलरीत फोनवर बोलत उभ्या होत्या. फोन बाजूला धरून म्हणाल्या, "डिस्नीचे फटाके आहेत ते. रोजचंच आहे."

टोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई म्हणजे भारतीय आयटीवाल्यांची वस्ती. २०१९ साली योगेंद्र पुराणिक या वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतून या भागाची थोडीफार ओळख झाली होती. इथून टोक्यो डिस्नीलँड फार लांब नाही. (नावात टोक्यो असलं तरी ते आहे शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासू नावाच्या एकेकाळच्या कोळ्यांच्या गावाजवळ समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर.) वारा फार नसेल तर त्या फटाक्यांचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. पुढे आम्हाला त्याची सवय झाली. कुकर लावायची वेळ, घरी फोन करायची वेळ, तशी ती साडेआठची वेळ.

२९ फेब्रुवारी २०२० ला डिस्नीलँड बंद झालं. आधी दोन आठवड्यांसाठी, मग पुढे ढकलत ढकलत चार महिने. १ जुलैला दारं उघडली, पण आवाज काही आला नाही.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असायचं: शनिवार-रविवारी निदान माणसं दिसतात, आडवारी रात्री तर तिथं चिटपाखरू नसतं. मग लगेच खुलासाही यायचा. लोक घाबरलेत, दुसरं काय. हा खुलासा मला कधीच पुरेसा वाटला नाही. भीती होती, मलाही होती. पण भीतीला सोमवार आणि शनिवार कळत नाही. जो माणूस शनिवारी दुपारी मास्क लावून दोन तास रांगेत उभा राहतो, तो बुधवारी रात्री सातला का येत नाही? त्याचं उत्तर शोधायचं तर आधी थीम पार्कमधली आडवारची रात्र ही काय चीज असते ते पाहावं लागेल. तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे ती जवळजवळ नाहीच. माझ्या पिढीच्या मुंबईकरांना थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड, १९८९ साली सुरू झालेलं. तिथं बोटीनं जायचं, पुऱ्या-बटाट्याची भाजी बांधून न्यायची आणि संध्याकाळी परतीची बोट गाठायची. शाळेची सहल किंवा रविवार. कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर कुणी एस्सेलवर्ल्डला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. रात्रीचे पाळणे आपल्याला माहीत आहेत ते जत्रेतले. पण जत्रा तिथीवर चालते. चैत्री पौर्णिमा मंगळवारी आली तर सगळा गाव मंगळवारी रात्री जागा असतो. त्या रात्रीला आडवार म्हणताच येत नाही.

टोक्योत मात्र आडवारच्या रात्रीसाठी खास तिकीट होतं. 'आफ्टर सिक्स पासपोर्ट' त्याचं नाव. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर आत सोडायचे आणि तेव्हा उद्यान दहाला बंद व्हायचं. म्हणजे चार तास. किंमत पूर्ण दिवसाच्या तिकिटाच्या अर्ध्याहून थोडी जास्त. हिशेबी माणूस म्हणेल, हा सौदा तोट्याचा आहे. चार तासांत मोठ्या दोन राइड झाल्या तरी खूप. तरीही सहाच्या आधी दाराशी माणसं गोळा झालेली असायची. सूट घातलेले पुरुष, ऑफिसची बॅग खांद्याला लावलेल्या मुली, शाळेच्या गणवेशातल्या मैत्रिणी, आणि क्वचित आमच्यासारख्या गळ्यातलं आयकार्ड काढायला विसरलेल्या भारतीय बायका.

त्याच वेळी आतून दुसरा लोंढा बाहेर पडत असायचा. सकाळी आठपासून आत असलेली कुटुंबं. झोपलेलं मूल बापाच्या खांद्यावर, त्याचे मिकीचे कान आईच्या डोक्यावर, हातात पॉपकॉर्नची रिकामी बादली. गिरणगावात भोंगा झाला की एक पाळी बाहेर पडायची आणि दुसरी आत शिरायची असं आजोबा सांगायचे. माइहामा स्टेशनाच्या पुलावर मला दर वेळी तेच आठवायचं. दिवसपाळी घरी चालली, रातपाळी आली.

या दोन पाळ्या एकाच ठिकाणी येतात, पण एकाच कामासाठी येत नाहीत. दिवसपाळीनं महिनाभर आधी बेत आखलेला असतो. कुठून सुरुवात करायची, जेवायचं कुठं, कोणत्या राइडची रांग कधी लहान असते, सगळं फोनमध्ये टिपून ठेवलेलं असतं. एवढे पैसे घातलेत तर ते वसूल व्हायला हवेत, म्हणून ती माणसं धावत असतात. रातपाळी काही वसूल करायला येत नाही. दुपारी तीनला कुणीतरी मेसेज टाकतं, आज जायचं का? पाचला ठरतं. मी जितक्या वेळा आफ्टर सिक्सला गेले त्यातल्या एकाही वेळेचा बेत आदल्या दिवशी झालेला नव्हता. टोक्यो स्टेशनातल्या केइयो लाइनच्या फलाटापर्यंत चालत जायचं (हा फलाट बाकीच्या स्टेशनापासून इतका लांब आहे की दादरला पश्चिमेकडून मध्यकडे जाणं त्यापुढे काहीच नाही), गाडीत पंधरा मिनिटं आणि मग माइहामा. आत जाऊन आम्ही करायचो काय? फार काही नाही. एखादी राइड, टर्कीची एक तंगडी दोघींत, आणि मग रस्त्याच्या कडेला चादर टाकून बसायचं. तेव्हा रात्री एक दिव्यांची परेड निघायची, 'इलेक्ट्रिकल परेड ड्रीमलाइट्स'. २००१ पासून चाललेली. तिच्यासाठी लोक तासभर आधी येऊन प्लास्टिकच्या चटया अंथरून जागा धरतात, आपल्याकडे कनातीत पुढची जागा धरावी तसे. शेजारचं जपानी जोडपं आपली चटई दोन इंच सरकवून आपल्याला जागा देतं. तुम्ही त्यांना चकली देता. त्यांना ती आवडते किंवा आवडल्यासारखं ते दाखवतात. परेड येते, जाते. मग साडेआठला सगळे एकाच वेळी माना वर करतात.

त्या वेळी तिथं विकली जात असलेली वस्तू कोणती होती? परेड यूट्यूबवर आहे, माझ्या फोनपेक्षा चांगल्या कॅमेऱ्यानं घेतलेली. फटाके घराच्या गॅलरीतूनही ऐकू यायचे. आम्ही चार-साडेचार हजार येन मोजायचो ते शेजारच्या चटईसाठी. हजारो अनोळखी माणसांबरोबर, कुणाशी बोलायची सक्ती नसताना, एकाच दिशेला बघत बसायचं. दिवसा थीम पार्क राइड विकतो आणि गर्दी ही त्याची अडचण असते. रात्री, तेही कामाच्या दिवशी, तो गर्दीच विकतो.

डिस्नीलँडवर मोठमोठ्या माणसांनी लिहिलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं खोटेपणाबद्दल आहे. उंबेर्तो एकोनं सत्तरच्या दशकात अमेरिकेतून फिरताना अस्सलाहून अस्सल वाटणाऱ्या नकलांवर लिहिलं आणि डिस्नीलँडला त्या नकलांचं शिखर मानलं. जाँ बोद्रियारचं तर एक विधान आता समाजमाध्यमांवरच्या मीमपर्यंत पोचलंय: डिस्नीलँड खोटं म्हणून दाखवलं जातं ते बाहेरची अमेरिका खरी आहे असं वाटावं म्हणून. कॉलेजात असताना मला हे फार भारी वाटायचं. आता वाटतं, खरं-खोटं या भांडणात बिचाऱ्या माणसांकडे कुणी बघितलंच नाही. खरं तर बोद्रियारनं ओझरतं बघितलं होतं. आतल्या गर्दीची ऊब आणि बाहेरच्या पार्किंगमधला निखळ एकटेपणा यांतला फरक त्यानं टिपलाय. तुम्ही आत रांगेत असता आणि बाहेर पडताच एकटे पडता, असा त्याचा सूर आहे. माझ्या मते त्याच्या त्या लेखातली ही सगळ्यात जिवंत जागा आहे आणि तो तिथं थांबत नाही, पुढच्या सिद्धांताकडे निघून जातो.

महामारीत झालं ते एवढंच, की बाहेरचा पार्किंगमधला एकटेपणा फाटकातून आत आला.

जुलै २०२० मध्ये उद्यान उघडलं ते क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी लोकांसाठी. तिकीट ऑनलाइन, तारखेसह, आधी काढलेलं असलंच पाहिजे. खिडकीवर जाऊन तिकीट घेणं बंद. पहिल्या काही आठवड्यांत तिकिटांच्या साइटवर इतकी झुंबड उडायची की पान उघडता उघडत नसे. लोक घाबरून येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी ही झुंबड विसरू नये. यायला माणसं तयार होती. फक्त ती सगळी दिवसपाळीची माणसं होती. आफ्टर सिक्सचं तिकीट विक्रीतून गेलं होतं. वर्षभराचे पासही गेले, त्यांचे पैसे परत करण्यात आले. हे पासवाले म्हणजे आडवारच्या रात्रीचा कणा. फक्त परेड बघायला येणारे, एक कॉफी पिऊन जाणारे, कॅमेऱ्याला भलीमोठी लेन्स लावून एकाच नर्तकीचे फोटो काढत वर्षानुवर्षं येणारे. त्यांना एकदम सांगण्यात आलं की आता प्रत्येक भेटीचं वेगळं तिकीट, वेगळी तारीख.

जो माणूस पाचला ठरवून सहाला जातो, त्याला तुम्ही पंधरा दिवस आधी तारीख निवडायला सांगितलीत, तर तो येणार नाही. त्याचा भीतीशी संबंध नाही. त्याला जे हवं होतं ते आधी ठरवण्यातच मरून जातं.

परेड बंद, फटाके बंद. परेडऐवजी एखादी सजवलेली गाडी मिकीला घेऊन यायची, वेळ जाहीर न करता, माणसं जमू नयेत म्हणून. विचार करा, सगळी कला वापरून माणसं जमवणं हेच ज्या जागेचं चाळीस वर्षांचं कसब, ती जागा आता माणसं जमू नयेत म्हणून तीच कला वापरत होती. याबाबत जपानी काटेकोरपणाची कमालच झाली. थीम पार्कवाल्यांच्या संघटनांनी नियमावली केली, तिच्यात राइडवर मोठ्यानं ओरडणं टाळा अशी सूचना होती. मग फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या फुजी-क्यू हायलँडनं एक व्हिडिओ काढला. सूट, टाय आणि मास्क लावलेले दोन अधिकारी 'फुजियामा' या अक्राळविक्राळ रोलर कोस्टरवर बसलेत आणि संपूर्ण वेळ गप्प आहेत. एक जण वाऱ्यानं उडालेले केस हातानं नीट करतो. शेवटी प्रेक्षकांना विनंती, की कृपया मनातल्या मनात किंचाळा. जगभर हा व्हिडिओ विनोद म्हणून फिरला. मीही पाच ग्रुपवर टाकला. पण त्या वर्षात निघालेली याहून नेमकी कलाकृती मला दुसरी आठवत नाही. राइडवर ओरडतो ते आपण घाबरलो म्हणून नाही, शेजारचा ओरडतो म्हणून. त्या दोघांच्या चेहऱ्यांवर ते दिसतं. डबा खाली कोसळतोय आणि दोघंही आपापल्या घरी एकटे बसलेत.

ऑक्टोबरात एका बुधवारी मी सुट्टी टाकून दिवसाचं तिकीट काढलं आणि मुद्दाम बंद व्हायच्या वेळेपर्यंत थांबले. दुपारी बरी वर्दळ होती. 'ब्यूटी अँड द बीस्ट'चा नवा भाग सप्टेंबरअखेरीस उघडला होता आणि तिकडे पावलं वळत होती. साडेपाचनंतर मुलांची कुटुंबं निघाली. मी पुलाच्या दिशेला बघत राहिले. बाहेरून कुणी येतच नव्हतं. सगळे दिवे लागले होते, संगीत चालू होतं, झाडणारा मुलगा झाडायला काही नसताना झाडत होता. रस्त्याच्या कडेला, जिथं आम्ही चादर टाकायचो तिथं, ठरावीक अंतरावर खुणा होत्या. वीस मिनिटांत मी तीन राइड केल्या, एकही रांग नव्हती. कुणालाही हेवा वाटावा अशी रात्र. मला अर्ध्या तासात घरी जावंसं वाटायला लागलं. मी थांबले कारण हे नंतर कुणाला तरी सांगायचं होतं.

याच्या जोडीला आणखी एक साधं कारण होतं आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. आमचं ऑफिस घरी आलं होतं. आफ्टर सिक्सला जाणारा माणूस घरून निघत नसे, कामावरून घरी जाता जाता वाट वाकडी करत असे. ही वाकडी वाट निघायला मुळात एक सरळ वाट लागते. जो दिवसभर स्वतःच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलाय, त्याला संध्याकाळी सहाला कपडे बदलून, उलट्या दिशेची गाडी पकडून जायचं म्हणजे ती सहल झाली. आणि सहल करायची तर मग शनिवारीच करू.

शिवाय रात्र स्वतःच बदनाम झाली होती. टोक्योच्या गव्हर्नर युरिको कोइके यांनी २०२० मध्ये 'रात्रीची वस्ती' अशा अर्थाचा 'योरू नो माची' हा शब्द इतक्यांदा वापरला की करोना म्हणजे रात्रीच्या बारमध्ये जाणाऱ्यांचा रोग असं चित्र उभं राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्यांदा आणीबाणी लागली तेव्हा हॉटेलांना आठला बंद करायला सांगितलं गेलं आणि डिस्नीलँड सातला मिटू लागलं. एप्रिलच्या तिसऱ्या आणीबाणीत तर टोक्योत रात्री आठनंतर झगमगते फलक विझवा अशी विनंती होती. उद्यानात दिवसाला पाच हजार माणसांची मर्यादा आली. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागली, तेव्हा सगळ्यांनी विचारलं होतं की करोना अकरानंतर फिरायला निघतो का. विनोद चांगला होता, पण अर्धाच खरा होता. रात्री माणसं जवळ बसतात, पितात, मास्क काढतात, मोठ्यानं बोलतात. बंदी घालणाऱ्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्या हिशेबात बार आणि चटई एकाच रकान्यात गेले. उघड्यावर, मास्क लावून, गप्प बसून आकाशाकडे बघणं हे त्या काळात एखाद्या समूहाला करता येण्याजोगं सगळ्यात निरुपद्रवी काम असेल. ते आधी बंद झालं आणि बंदिस्त दुकानातली खरेदी चालू राहिली.

पण सगळं खापर सरकारवर फोडायचं तर फ्लोरिडाकडे बघावं लागेल. तिथलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड जुलै २०२० च्या मध्यात उघडलं. तिथंही आगाऊ आरक्षण सक्तीचं, एका दिवसात एकाच उद्यानात प्रवेश, रात्रीचा 'हॅपिली एव्हर आफ्टर' हा आतषबाजीचा खेळ बंद. ८ सप्टेंबरपासून मॅजिक किंगडम संध्याकाळी सहालाच बंद होऊ लागलं. त्याच महिन्याच्या २५ तारखेला गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी राज्यातले बहुतेक निर्बंध उठवले. बार उघडले, हॉटेलं भरली. मॅजिक किंगडमची वेळ त्यानं लगेच मागे गेली नाही. तिथं रात्र कुणी सक्तीनं बंद केली नव्हती, ती परवडत नव्हती म्हणून बंद होती. दिवे, सुरक्षा, सफाई, स्वयंपाकघरं, प्रत्येक राइडवरची माणसं: रात्रीच्या प्रत्येक तासाला पगार लागतो, आणि आडवारी त्या तासाला गिऱ्हाईक नसतं. सप्टेंबरअखेरीस डिस्नेनं अमेरिकेतल्या आपल्या उद्यानांच्या विभागातून २८ हजार नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यातले दोनतृतीयांश लोक अर्धवेळ काम करणारे होते. टोक्योत कर्मचाऱ्यांचे बोनस कापले गेले आणि नर्तकांना दुसरी कामं घ्यायचा पर्याय समोर ठेवला गेला. परेड नाही तर परेडमध्ये नाचणारे काय करणार. ती एकाच नर्तकीचे फोटो काढणारी भली मोठी लेन्स त्या काळात कुठल्या कपाटात पडली असेल, असा एक निरर्थक विचार माझ्या मनात बरेचदा यायचा.

म्हणजे हे चक्र आहे. गर्दी नाही म्हणून खेळ नाही, खेळ नाही म्हणून वेळ कमी, वेळ कमी म्हणून संध्याकाळचं तिकीट नाही, तिकीट नाही म्हणून गर्दी नाही. यात भीती कुठून तरी आत येते हे मान्य, पण एकदा चक्र फिरायला लागल्यावर तिची गरज उरत नाही.

कुणी म्हणेल, आडवारी रात्री गर्दी कमी असतेच, महामारी नसली तरी. खरं आहे. म्हणून तर ते तिकीट स्वस्त होतं. पण कमी गर्दी आणि मोडलेली गर्दी यांत फरक आहे. नाटकाच्या बुधवारच्या प्रयोगाला निम्मं थिएटर भरलेलं असतं आणि प्रयोग रंगतो, कारण माणसं पुढच्या रांगांत एकत्र बसलेली असतात. तीच माणसं दर तीन खुर्च्या सोडून बसवली की नटाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पन्नास टक्के क्षमतेच्या काळात आपल्याकडच्या रंगकर्मींनी ते भोगलेलं आहे. विनोद जागच्या जागी पडतो, हसू एका खुर्चीवरून दुसरीवर जातच नाही.

आता पुढचं, जे मला खरं अस्वस्थ करतं. टोक्योतली दोन्ही उद्यानं ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते. २०१८-१९ मध्ये या दोन उद्यानांत मिळून ३ कोटी २५ लाख माणसं आली होती. २०२०-२१ मध्ये ७५ लाख. शेअर बाजारात आल्यापासून कंपनीला पहिल्यांदाच वर्षाचा तोटा झाला. इथपर्यंत गोष्ट अपेक्षेप्रमाणे आहे. पण त्याच आकड्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असतो: दर माणशी उत्पन्न. महामारीआधी तो ११,६०० येनच्या आसपास होता. २०२२-२३ पर्यंत तो १५,७०० च्या आसपास गेला, आणि तेव्हा माणसं २ कोटी २० लाखच होती. मार्च २०२१ पासून तिकिटाचे दर दिवसागणिक बदलू लागले, कामाच्या दिवशी ८,२०० आणि सुट्टीच्या दिवशी ८,७००, पुढे त्याहून जास्त. आणि २०२२ च्या मध्यम मुदतीच्या योजनेत कंपनीनं जाहीरच केलं की एका दिवसात आत सोडायच्या माणसांची कमाल संख्या महामारीआधीपेक्षा कमी ठेवायची. अनुभवाचा दर्जा वाढावा म्हणून.

दर्जा वाढला, यात शंका नाही. रांगा लहान झाल्या. शनिवारी मुलांना घेऊन जाणाऱ्या कुठल्याही आईला विचारा, ती या योजनेचं स्वागत करेल, आणि तिचं बरोबर आहे. पण कमी माणसांकडून जास्त पैसे हा धडा कंपनीला महामारीनं शिकवला आणि त्या धड्यात रातपाळीच्या माणसाला जागा नाही. तो काही खात नाही, टोपी विकत घेत नाही, एका कॉफीवर चार तास काढतो. दर माणशी उत्पन्नाचा आकडा खाली खेचणारा तोच असतो.

'वीकनाइट पासपोर्ट' नावानं संध्याकाळचं तिकीट पुन्हा आलं. सहाऐवजी पाचपासून. ऐकायला तास वाढला, पण उद्यान आता दहाऐवजी नऊला बंद होतं, म्हणजे तास चारच. आणि पाचला पोचायचं तर ऑफिसातून चारला निघावं लागतं. आमच्या ऑफिसात चारला निघणारा एकही जपानी माणूस मी बघितलेला नाही.

१ नोव्हेंबर २०२१ ला ड्रीमलाइट्स परत सुरू झाली. सांगलीच्या ताईंनी मला बातमीची लिंक पाठवली, पाठोपाठ चटईचा फोटो, जिना चढताना एक कोपरा फाटलेली तीच निळी चटई. मी त्यांच्याकडे गेले. आम्ही ॲप उघडलं. कुठला वार? बुधवार? बुधवारी त्यांची क्लायंट मीटिंग. गुरुवारी माझी. पुढच्या आठवड्यातलं आत्ता कसं सांगायचं, त्या म्हणाल्या, त्या दिवशी कंटाळा आला म्हणजे? पूर्वी कंटाळा आला म्हणून तर जायचो.

मग त्यांनी चहा टाकला. सव्वाआठ वाजले होते. आम्ही कप घेऊन गॅलरीत उभ्या राहिलो. कासाई रिंकाई पार्कच्या मोठ्या आकाशपाळण्याचे दिवे दिसत होते, पाळणा हळूहळू फिरत होता. साडेआठ वाजून गेले. खाली सायकलवरून कुणीतरी भाजी घेऊन चाललं होतं. ताईंनी चटई कठड्यावर झटकली, घडी केली आणि फोनमधल्या कॅलेंडरात पुढच्या महिन्यातले मोकळे बुधवार बघायला लागल्या.